फुलपाखरू हे नाव कुठून आले?

मंडळी, आज आपण एकाच शब्दाकडे नीट बघणार आहोत. शब्द आहे ‘फुलपाखरू’. फूल अधिक पाखरू, झालं! यात विचार करण्यासारखं काय, असं वाटेल. पण जरा उकलून पाहू.

‘फूल’ आलं संस्कृत ‘फुल्ल’वरून, म्हणजे उमललेलं. ‘पाखरू’च्या मुळाशी ‘पक्ष’ म्हणजे पंख. प्राकृतात त्याचं ‘पक्ख’ झालं, मराठीत ‘पाख’. मग शेवटचा ‘रू’ कुठला? आपले बाकीचे शब्द आठवा: वासरू, कोकरू, लेकरू, शिंगरू. यातल्या ‘वासरू’चं मूळ अभ्यासक ‘वत्सरूप’ असं सांगतात. त्याच वळणाने ‘पक्षिरूप’चं पाखरू झालं. हे सगळे जीव लहान, आणि सगळे शब्द नपुंसकलिंगी. म्हणजे त्या ‘रू’मध्ये लहानपण आहे, थोडी मायाही आहे.

आता एक शंका घेऊ. फुलांवर येणारं पाखरू ते फुलपाखरू, तर शिंजीरही फुलातला मध पितो, आणि तो तर खराच पक्षी. त्याला आपण फुलपाखरू का म्हणत नाही? आपल्या जुन्या शास्त्रकारांकडे याचं उत्तर आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण ‘पंकज’. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. चिखलात पुष्कळ काही जन्मतं, पण पंकज म्हटलं की कमळच. अवयवांचा अर्थही लागतो आणि रूढीने तो एकाच वस्तूवर स्थिरही होतो. अशा शब्दाला ‘योगरूढ’ म्हणतात. फुलपाखरू तसाच शब्द आहे. व्युत्पत्ती आपल्याला नाव ठेवणाऱ्याची नजर दाखवते. वस्तूची पूर्ण व्याख्या तिच्याकडून मागायची नसते.

आणि नजर प्रत्येकाची वेगळी! मराठीत पाच, हिंदीत पांच, बंगालीतही पाँच. आकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. फुलपाखराचं तसं नाही. हिंदीत तितली, गुजरातीत पतंगियुं, बंगालीत प्रजापति. तेलुगूत तर सीताकोकचिलुका: कोक म्हणजे लुगडं, चिलुका म्हणजे पोपट. सीतेच्या लुगड्याचा पोपट! मराठी माणसाने फूल पाहिलं, तेलुगू माणसाने लुगड्याचे रंग पाहिले.

हे ऐकायला आपल्याला फार लांब जायला नको. सावलीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२पर्यंत तो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. तिथे दक्षिणेला सिरोंच्याकडे तेलुगू बोलतात. चामोर्शी, मुलचेरा भागात फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांची वस्ती आहे, तिथे बंगाली. गोंडी आणि माडिया जंगलात आहेत, आपली झाडीबोली घरात आहे. एकाच रानातलं एकच फुलपाखरू, आणि त्याला इतक्या भाषांतून हाका!

मात्र एक सावधगिरी हवी. गोड वाटणारी प्रत्येक व्युत्पत्ती खरी नसते. इंग्रजी ‘बटरफ्लाय’ हा मुळात ‘फ्लटर बाय’ होता, अक्षरांची अदलाबदल झाली, अशी गंमत सांगतात. पण जुन्या इंग्रजीतही त्या शब्दात लोणी आणि माशी हीच दोन पदं दिसतात. गोष्ट छान आहे, पण पुरावा तिच्या विरुद्ध आहे. म्हणून शब्दाचं जुनं रूप पाहायचं, शेजारच्या भाषा पाहायच्या, कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ उघडायचा, आणि मग बोलायचं.

पण कोशात सगळं येत नाही. पाठ्यपुस्तकातून मुलांना ‘फुलपाखरू’ हा एकच शब्द मिळतो. तो चांगलाच आहे. पण आजीच्या तोंडी दुसरा शब्द असेल, तर तो आजीबरोबर जाईल. आणि शब्दाबरोबर ती नजरही जाईल, जिने त्या इवल्या जिवात आणखी काही पाहिलं होतं.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “याला तुमच्याकडे काय म्हणत?” जो उच्चार ऐकू येईल तो तसाच वहीत लिहा. गाव लिहा, बोली लिहा. शुद्ध की अशुद्ध, हे ठरवत बसू नका. मूळ शोधायचं काम पुढे करता येईल, पण त्याआधी शब्द तर हाताशी असायला हवा.