संदेशांची कोंडी

नदीवरच्या अरुंद पुलापाशी गाड्यांची दाटी झालेली तुम्ही पाहिली असेल. प्रत्येक जण आपली गाडी पुढे दामटू लागला, म्हणजे कोणाचीच गाडी पुढे सरकत नाही. इंटरनेटवरील संदेशांचेही असेच होते.

आपण पाठविलेले पत्र, चित्र किंवा आवाज इंटरनेटवरून अखंड जात नाही. संगणक त्याचे लहान लहान तुकडे करतो. त्यांना 'पॅकेट' असे म्हणतात. वाटेत 'राउटर' नावाची यंत्रे असतात. ती प्रत्येक पॅकेटला पुढचा मार्ग दाखवितात. पॅकेट मुक्कामी पोचले, की तेथील संगणक त्याची पोच धाडतो. पोच वेळेत आली नाही, तर पाठविणारा संगणक ते पॅकेट हरवले असे समजून पुन्हा पाठवितो.

१९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बर्कली येथे एक विलक्षण प्रकार घडला. तेथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामध्ये अवघे ४०० यार्डांचे अंतर होते. त्यांच्यामधील संदेशांचा वेग दर सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला! म्हणजे सेकंदाला रोमन लिपीतील जेमतेम पाच अक्षरे.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी याचे कारण शोधून काढले. दोष संगणकांच्या उतावीळपणाचा होता. गर्दीमुळे पोच यायला उशीर होई. मग संगणक तीच पॅकेटे पुन्हा पाठवीत आणि गर्दीत आणखी भर पडे.

यावरचा उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. संगणकाने आरंभी थोडीच पॅकेटे पाठवावीत. पोच येत गेली, तर संख्या वाढवावी. एखादे पॅकेट हरवले, तर वाटेत गर्दी आहे असे ओळखून वेग निम्मा करावा आणि मग तो हळूहळू वाढवावा. नवी तार टाकावी लागली नाही. केवळ सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, बदलल्या आणि कोंडी फुटली.

पुढे राउटरांची स्मृती मोठी झाली. त्यांत पॅकेटांच्या लांबच लांब रांगा मावू लागल्या. पॅकेट हरवत नसे, पण रांगेत ताटकळत राही. त्यामुळे दूरच्या माणसाचा शब्द उशिरा ऐकू येई. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी यावर युक्ती सुचविली. रांगेतील खोळंबा काही काळ सतत ५ सहस्रांश सेकंदांहून अधिक राहिला, तर राउटरने एखादे पॅकेट मुद्दाम टाकून द्यावे. हा इशारा मिळताच पाठविणारा संगणक आवरते घेतो आणि रांग ओसरते.

सॉफ्टवेअर तारेची रुंदी वाढवू शकत नाही, की दोन गावांमधील अंतर कमी करू शकत नाही. परंतु आहे तीच वाट सर्वांना पुरेल, असे ते करू शकते. विशेष हे, की प्रत्येक संगणकावर पहारा ठेवणारा शिपाई वाटेत उभा नसतो. असंख्य संगणक आपण होऊन थोडे मागे सरतात, म्हणूनच सर्वांचे संदेश वेळेवर पोचतात.