टर्बो गाडीचा प्लग आणि करवतीचे पाते

कोलकात्याच्या फूटपाथवरचा मिस्त्री अँबेसेडरचा प्लग कसा लावायचा, हे पाहण्यासारखे असे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने काजळी घासायची, दोन टोकांमधल्या फटीत हॅकसॉचे मोडके पाते सरकवायचे. पाते किंचित अडखळून निघाले की काम फत्ते! यात अंदाजपंचे काही नव्हते. त्या पात्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, आणि अँबेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला हवी असलेली फटही जवळजवळ तेवढीच.

उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात २०१४ मध्ये अँबेसेडरचे उत्पादन थांबले. तोवर टर्बो पेट्रोल गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. पुण्याजवळ चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, रांजणगावची नेक्सॉन २०१७ मध्ये. या इंजिनांत प्लगची फट म्हणजे मिस्त्रीच्या मर्जीचा मामला नव्हे.

ठिणगीला फट ओलांडायची असते ती हवा-पेट्रोलच्या दाबलेल्या मिश्रणातून. दाब जितका जास्त आणि फट जितकी रुंद, तितके व्होल्ट अधिक लागतात. जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम मांडला, तेव्हा टर्बो गाडीचे नावही कुणी ऐकले नव्हते. रिकाम्या फलाटावर दहा पावले सहज टाकता येतात. सकाळच्या हावडा स्टेशनात त्याच दहा पावलांना घाम फुटतो. ठिणगीचेही तसेच. टर्बो जोरात असताना सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबली जाते, आणि इग्निशन कॉइलची ताकद अपुरी पडली तर ठिणगी पडतच नाही. म्हणून साध्या इंजिनात एक-सव्वा मिलिमीटरपर्यंत चालणारी फट टर्बोत बहुधा ०.७ ते ०.८ ठेवतात. नेमका आकडा मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा.

मग फट आणखी बारीक का करू नये? कारण ठिणगीही इवलीशी होते. सिग्नलला गाडी थरथरते, प्लग काळा पडतो.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकांचा धातू कणाकणाने झिजतो आणि फट वाढत जाते. पार्क सर्कसच्या गर्दीत गाडी रांगत असते, टर्बोला कामच नसते, त्यामुळे हा दोष महिनोन् महिने लपून राहतो. मग एखाद्या रविवारी घरचे पाचजण आणि सामान घेऊन विद्यासागर सेतूचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबावा, तर गाडी गचके देते. लोक पेट्रोलला दोष देतात! पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेल्यावर कॉइलच्या चिरलेल्या रबरातूनही असाच त्रास होतो, तेव्हा तेही पाहून घ्यावे.

गचक्यांबरोबर इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर पाय हलका करावा आणि दिघ्याचा बेत पुढे ढकलावा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि तो महागडा भाग निकामी करू शकते. त्यामानाने चार नवे प्लग फारच स्वस्त.

इरिडियम प्लगचे मधले टोक तारेसारखे बारीक असते. तिथे पॉलिश पेपर नको आणि हॅकसॉचे पातेही नको. फट तारेच्या गेजने हलकेच मोजावी. कमी-जास्त करायचीच झाली तर फक्त बाजूचे टोक वाकवावे, मधल्याला टेकू देऊन नव्हे. कॉम्प्युटरवरून टर्बोचा दाब वाढवून घेणाऱ्या हौशी तरुणांनी, फट कितीवर ठेवली, हे त्या गॅरेजवाल्याला आधी विचारावे.

प्लग बदलायचे ते इंजिन थंड झाल्यावर, आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे. जुने प्लग क्रमाने मांडून ठेवायला सांगावे. तिन्ही-चारही फिकट तपकिरी असले तर ठीक. एकच काळाकुट्ट निघाला तर दुखणे त्या सिलिंडरचे आहे.