सप्ताह संपला, सुरक्षेचे काय?

४ मार्च उजाडला की कारखान्यांच्या फाटकांवर पताका लागतात. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे हे वार्षिक स्मरण. कामगार हात पुढे करून शपथ घेतात, छातीवर बिल्ले झळकतात, घोषवाक्यांच्या स्पर्धेची पारितोषिके वाटली जातात. या सोहळ्यास आमचा विरोध नाही. परंतु शपथ घेतो तो कामगार. सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर तो मालक आणि ती पार पडते की नाही हे ज्याने पाहावयाचे तो निरीक्षक, हे दोघे मात्र व्यासपीठावर विराजमान असतात!

१९४८ च्या कारखाना अधिनियमाचे ३६ वे कलम पाहण्यासारखे होते. विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत वा खड्ड्यात माणूस उतरण्यापूर्वी जाणकाराने आतील हवा स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे आणि त्याच्या पट्ट्यास बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने हाती धरावे. इतके बारकाईने लिहून ठेवले असतानाही टाक्या साफ करणारी माणसे गुदमरून मेली, आणि पहिल्याला काढावयास धावलेला दुसराही अनेकदा तेथेच राहिला. येथे कायदा अपुरा पडला असे कोण म्हणेल? दोर धरून कोणी उभे आहे काय, हे पाहावयास कोणी गेले नव्हते.

आपल्याकडे कायदा बहुधा प्रेतयात्रेच्या मागून चालतो. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले, तेव्हा १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण या अधिनियमात आले. काणकोणच्या बाबतीत तर तेही म्हणता येत नाही. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा, आणि ४ जानेवारी २०१४ रोजी तेथील बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गाडली गेली. पोटासाठी परमुलखातून आलेले मजूर त्यांत होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. नियमभंगामुळे मृत्यू झाल्यास किमान पाच लाखांचा दंड व त्यातील निम्मी रक्कम वारसांस देववण्याचा न्यायालयास अधिकार, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत. आता वीस लागतात. यंत्र बोट तोडताना पटावरील नावे मोजत नाही. निरीक्षकही आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ झाला आहे. सल्ला त्याने अवश्य द्यावा. पण ज्याची सोय पाहावयाची त्याच्यावरच खटला भरावयाचा, ही कसरत किती जणांस साधेल? पूर्वसूचनेवाचून कारखान्यात शिरण्याचा अधिकार निरीक्षकास देणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ मध्येच मान्य केला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

गोव्यात कारखाने राज्याच्या निरीक्षणालयाकडे, खाणी व बंदर केंद्राकडे. दुर्घटनेनंतर प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे: येत्या ४ मार्चला शासनाने शपथेबरोबर एक तक्ताही प्रसिद्ध करावा. वर्षभरात न कळवता किती ठिकाणी तपासणी झाली, किती खटले भरले, किती निकालात निघाले, आणि निरीक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत.