मटण एकच, रस्से दोन, मग वाइन कोणती?

गेल्या भागाचा हा लेखी अवतार. बोलता बोलता जे फारच भरकटलं होतं ते छाटलंय, बाकी सूर तसाच ठेवलाय. विषय होता घरचा स्वयंपाक आणि वाइन. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "मटणाबरोबर रेड आणि माशाबरोबर व्हाइट, हा नियम आपल्या जेवणाला लागू पडतो का हो?"

माझं उत्तर: फारसा नाही. हा नियम ज्या टेबलावर तयार झाला, तिथे मटण म्हणजे मीठ-मिरपूड लावून भाजलेला तुकडा आणि मासा म्हणजे लोणी-लिंबातला. ताटात सगळ्यात मोठी चव मांसाची नाहीतर माशाची. आपल्याकडे तसं कुठे असतं? आपल्या वाटीत मोठा आवाज असतो तो मसाल्याचा, कोकमाचा, नारळाचा, दाण्याच्या कुटाचा. म्हणून वाइन निवडताना मांस कोणतं हे विचारण्याआधी वाटण कसलं आहे ते विचारायचं. एवढं एक धरलं की बाकी बरंचसं आपोआप सुटतं.

आमच्या घरची पद्धत आधी सांगते. मी कोल्हापूरची, नवरा मालवणचा, राहतो पुण्यात. पंधरा दिवसांतून एका शनिवारी एक बाटली उघडतो आणि त्या दिवशी घरात जे शिजलंय त्याबरोबर घोट घोट चाखतो. वाइनसाठी स्वयंपाक बदलायचा नाही, ही पहिल्या दिवसापासूनची अट. "तिखट जरा कमी करा, मग वाइन छान लागते" असा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. मसाला कमी करून जमवलेली जोडी आमच्या लेखी जोडीच नाही. त्यापेक्षा ताक प्यावं.

तर, तांबडा-पांढरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मटण शिजवलेल्या पाण्याला कोल्हापुरात अळणी म्हणतात. त्याच अळणीतून दोन रस्से होतात. एकात लाल मिरचीचं कांदा-लसूण तिखट आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. दुसऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, आणि तिखटपणा बेताचाच. म्हणजे पातेलं एक, मटण एक. प्रयोगाला याच्यापेक्षा चांगलं साहित्य मिळणार नाही. शेजारी दोन ग्लास: एक नाशिकची शिराझ, साधारण १४ टक्के अल्कोहोलची, आणि एक शेनिन ब्लाँ, थंडगार, जिभेवर किंचित गोड.

नियमाप्रमाणे मटण म्हणून शिराझ जिंकायला हवी होती. तांबड्या रश्श्याच्या दोन भुरक्यांनंतर तिचा घोट घेतला आणि कानातून वाफ निघायचीच बाकी राहिली. वाइन कडू लागली, तुरट लागली, आणि तिखट दुप्पट झालं. शेनिनने मात्र जाळ खाली बसवला आणि पुढचा घास मागितला.

असं का होतं, ते ऐकण्यासारखं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला खरोखर भाजत नाही. तोंडातल्या ज्या नसा चटका ओळखतात, त्यांच्यावर टीआरपीव्ही१ नावाचा एक दरवाजा असतो. एरवी तो साधारण ४२-४३ अंश सेल्सियसच्या पुढे उघडतो आणि मेंदूला कळवतो, "भाजतंय!" कॅप्सेसिन तोच दरवाजा ढकलून उघडतं. आता गंमत अशी की अल्कोहोलही त्याच दरवाजाशी खेळतं. अल्कोहोलमुळे तो उघडण्याचं तापमान जवळपास ३४ अंशांपर्यंत खाली येतं, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणजे अल्कोहोल लागलं की तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा चटक्यासारखी वाटायला पुरते. त्यात वरून मिरची! जितकी कडक वाइन तितकी जास्त आग, हे एवढ्यावरून कळतं.

दुसरा भिडू टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून रेडमध्ये उतरणारा हा तुरटपणा. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं ना, तेच. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून ठेवतं, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो. आधीच पोळलेल्या जिभेवर ही खरखर आली की कसं वाटणार, सांगायला नको. याउलट गारवा आणि थोडी साखर तिखटाची धार बोथट करतात. आजी तिखट लागल्यावर गुळाचा खडा द्यायची, तेच तत्त्व. आणि हो, तिखट लागल्यावर पाणी ढोसून उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध-दही चालतं, कारण दुधातलं केसीन त्याला उचलून नेतं.

पांढऱ्या रश्श्याचं गणित निराळं. तिथे आग नाही, नारळाचा आणि काजूचा लोण्यासारखा पोत आहे. शिराझ तिथे भांडली नाही, पण आगंतुक पाहुण्यासारखी बसून राहिली. नंतर एका शनिवारी ओकच्या पिंपात मुरलेली शार्दने घेतली आणि ती त्या दुधट चवीत अशी मिसळली की नवरा पहिल्यांदाच म्हणाला, "अगं, तुमच्या कोल्हापूरला काहीतरी सौम्य पण करता येतं तर!" याच्यावर मी काय बोलले ते भागातून कापलंय.

आता मालवणकडे वळू. माशाच्या आमटीत मुद्दा आंबटाचा. कोकम, चिंच, कैरी, जे घालाल ते. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट आणि मठ्ठ लागते. म्हणून वाइन निदान तेवढी तरी आंबट हवी. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ छान जाते. तिचा तो हिरवा, कापलेल्या सिमला मिरचीसारखा वास तिरफळाशी जुळतो. सोलकढी आणि वाइन मात्र एकाच वेळी समोर ठेवू नका. सोलकढी जिंकते. नवऱ्याचं म्हणणं, ती सगळ्यांनाच हरवते. या विषयावर आमच्याकडे वाद घालत नाहीत.

माशाबरोबर रेड नको, या जुन्या नियमात मात्र तथ्य आहे. तेही रंगामुळे नाही, लोहामुळे. सुक्या बोंबलाची चटणी आणि कॅबर्ने सोव्हिन्यों एकत्र चाखून बघा. गंजलेला तवा चाटल्यासारखं होतं, आणि मागे एक उग्र माशाळ वास राहतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी सुकवलेले शिंपले वेगवेगळ्या वाइनमध्ये भिजवले, आणि जिच्यात लोह जास्त तिच्यात हा वास जास्त, असं आढळलं. माशाच्या तेलकट भागाशी लोहाचं जुळलं की हे घडतं. रेडमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, पण प्रत्येकीत नाही. म्हणजे एखादी रेड माशाबरोबर निभावूनही जाते, आणि एखादी व्हाइट फसवते. त्याच बोंबलाबरोबर आम्ही फसफसणारी ब्रूट घेतली तेव्हा ताट पाच मिनिटांत साफ. खारट आणि तळलेलं काहीही असो, कोथिंबीर वडी, भजी, साबुदाणा वडा, तिथे बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा थर धुऊन काढतात. घरात एकच बाटली ठेवायची झाली तर मी हीच ठेवीन.

मग रेडने काय घोडं मारलंय? काही नाही, तिची जागा भरल्या वांग्यात आहे! हे आम्हालाही नवल वाटलं. दाण्याचा कूट, तीळ, खोबरं यांत प्रथिनं आणि स्निग्धपणा भरपूर. टॅनिनला धरायला लाळेऐवजी ते सापडतात, मग वाइन मऊ लागते. गोड्या मसाल्यातली लवंग-दालचिनी आणि दगडफूल हेही रेडच्या वासाशी नातं सांगतात. वर चिमूटभर गूळ. बरोबर ज्वारीची भाकरी, आणि हलकी, जरा गार केलेली रेड. महागड्या हॉटेलात कोणी हे वाढत नाही, आणि न वाढण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

पुरणपोळीचं दोन वाक्यांत संपवते. पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि फिकी लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन घेऊन बघितली, जमली, पण दुसऱ्या पोळीला आम्ही तूप-दुधावर आलो.

"रेड रूम टेंपरेचरला प्यायची" हे ऐकलं असेल. ती रूम युरोपातल्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. आपल्या एप्रिलातल्या स्वयंपाकघरात ३२ अंशांवर तीच वाइन नुसती दारूसारखी नाकात जाते. रेड पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट उलट, फ्रिजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

आणि बाटलीवरचं साल बघून घ्या. युरोपात द्राक्षांची तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते, नाशिकला साधारण जानेवारी ते मार्च. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची खरी झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा संपताना गोडी बहाराची. हा व्यवसाय फार जुना नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला शाम चौगुले यांच्या इंडेजने फसफसणारी वाइन परदेशी पाठवली, आणि नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. इथल्या बहुतेक व्हाइट ताज्याच प्यायच्या असतात. दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे दोन उन्हाळे उभी राहिलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आता ज्या गोष्टीवर भागानंतर सगळ्यात जास्त बोलणं झालं, ती. वाइन घालून केलेला स्वयंपाक. सासूबाई आमच्याकडे आठवडाभर राहायला होत्या. त्या दारूला शिवत नाहीत. आमच्या पिण्यावर बोलत नाहीत, पण स्वतःपुरतं त्यांचं पक्कं आहे. त्या शनिवारी मशरूम, लोणी, लसूण आणि थोडी व्हाइट असा बेत होता. बाटली ओट्यावर बघून त्यांनी विचारलं, "शिजल्यावर उडून जाते ना गं सगळी?" नवरा तिकडून "हो हो" म्हणायच्या बेतात होता. मी म्हटलं, "नाही आई, सगळी नाही जात."

आणि खरंच जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे: पदार्थात ढवळून मंद आचेवर १५ मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं. तासाभराने २५ टक्के. अडीच तासांनीसुद्धा ५ टक्के. पातेलं पसरट की उभं, यावरही ते ठरतं. झाकण बंद असेल तर उडून जायला वाटच कमी. हिशेब करून बघा. २०० मिली वाइन, १३ टक्क्यांची, म्हणजे २६ मिली अल्कोहोल. तासभर शिजल्यावर उरलं साडेसहा मिली. चौघांत वाटलं तर प्रत्येकी दीड मिलीच्या थोडं वर. नशा चढायचा प्रश्नच नाही. पण ज्याने आयुष्यभर न घेण्याचं ठरवलंय, ज्याने मोठ्या कष्टाने सोडलीय, किंवा जी गरोदर आहे, तिच्या ताटात काय जावं हे आपण "थोडीच तर आहे" म्हणून परस्पर ठरवायचं नसतं.

आई म्हणाल्या, "मग मला पिठलं टाक. तुम्ही खा तुमचं." मी पिठलं टाकलं. नवऱ्याने मशरूम बाजूला ठेवून पिठलंच खाल्लं, ते वेगळं. तेव्हापासून पाहुणे येणार असले की आधी फोनवर विचारतो, आणि वाइन घातलेलं भांडं वेगळं ठेवतो.

खरं सांगायचं तर मसाल्याच्या रश्श्यात वाइन घालण्यात मला अर्थ दिसत नाही. ती पदार्थाला देते आंबटपणा आणि सुगंध. आंबटपणाला आपल्याकडे कोकमाचं आगळ आहे, चिंच आहे. आणि सुगंध म्हणाल तर तांबड्यात तो बुडूनच जातो. मशरूमसारख्या साध्या, लोणी-लसणाच्या पदार्थात तो कळतो.

आमच्या प्रमाणाबद्दलही काहींनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा "रेड हृदयाला चांगली असते" असं म्हणून आम्ही पीत नाही. चवीसाठी घेतो, बाटली एका रात्रीत संपवत नाही, आणि तेवढंच. उरलेली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस बरी राहते, त्यानंतर तिचा सूर आंबट व्हायला लागतो.

पुढच्या भागात उपासाचं ताट घेणार आहोत, वाइनशिवाय. भगर आणि दाण्याची आमटी तुमच्याकडे कशी करतात ते कळवा. भेटू!