सातपुड्यांतील कच्च्या वाटेची पूर्वतयारी

सावद्याच्या केळीबागांतून उत्तरेस पाहिलें असतां सातपुड्याची निळी रांग इतकी जवळ भासते, कीं मोटारीनें सकाळीं निघून दुपारीं जेवावयास परत यावें असें कोणासही वाटावें. पालपर्यंत जावयाचें असेल तर तें खरेंही आहे. परंतु डांबरी सडक सोडून यावल अभयारण्यांतील कच्च्या वाटांनीं जामन्या, लंगडा आंबा अशा वस्त्यांकडे जाणें असेल, तर सारा विचार घरींच झाला पाहिजे. हें अभयारण्य १९६९ सालीं स्थापन झालें असून त्याचा विस्तार सुमारें १७५ चौरस किलोमीटर आहे. वनखात्याची परवानगी आधीं घ्यावी.

पहिला प्रश्न पाण्याचा. डोंगरांतून खळखळत येणाऱ्या नद्या पायथ्याशीं येतांच दिसेनाशा होतात. याचें कारण असें, कीं तेथें वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व जाड्या वाळूचा मोठा थर आहे. त्यास भूशास्त्रज्ञ ‘बझाडा’ म्हणतात. पाणी त्यांत मुरतें व पुढें विहिरींतून आपल्या केळीस मिळतें. एका नदीचें तर नांवच सुकी! जें पाणी शेतकऱ्यास तारतें, तें वाटसरूच्या हातीं मात्र लागत नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. तेव्हां माणशीं रोज निदान ५ लिटर पाणी न्यावें, आणि अडकून पडल्यास पुरेल असें आणखी एका दिवसाचें.

पावसाळ्यांत संकट उलट. वर डोंगरांत पाऊस कोसळला, कीं खालीं ऊन असतांही नाला भरून येतो. आर्किमीडीजचा सिद्धांत शिकलेल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच, कीं मोटार जितकें पाणी बाजूस सारते तितकी ती हलकी होते. फूटभर वाहत्या पाण्यांतही लहान मोटारीच्या चाकांची पकड सुटूं शकते. अशा वेळीं अलीकडेच थांबावें. वाटेची खरी बातमी नकाशापेक्षां तेथील पावरा व तडवी बांधवांस अधिक असते. ती नम्रपणें विचारावी.

इंधन सपाटीच्या हिशेबानें घेऊं नये, चढावर तें पुष्कळ जास्त जळतें. जादा चाक, आणि भुसभुशीत जमिनींत जॅक रुतूं नये म्हणून त्याखालीं ठेवावयास एक फळी असावी. मोटार बिघडल्यास ती सोडून पायीं निघूं नये. शोधणाऱ्यांस माणसापेक्षां मोटार लवकर सांपडते. दऱ्यांत मोबाईल फोन चालेलच असें नाहीं. यास्तव घरीं वडील माणसाजवळ वाट, सोबत्यांचीं नांवें व परतण्याची वेळ लिहून ठेवावी. ती वेळ टळल्यास वनखात्यास कोणीं कळवावयाचें, हेंही त्याच कागदावर असावें.