भविष्याआधी डाव: टॅरोच्या पत्त्यांवर छोटा खेळ रचताना

गेम जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, आयत्या वेळी जाहीर झालेल्या विषयावर एक खेळ रचून सादर करण्याचा उपक्रम होय. २००२ मध्ये सुरू झालेला लुडम डेअर आणि २००९ पासून जगभर एकाच सुमारास भरणारा ग्लोबल गेम जॅम ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. अशा जॅममध्ये टॅरोच्या पत्त्यांवर बेतलेला खेळ हाती घेतला जातो तेव्हा त्याचा साचा सहसा ठरलेला असतो: मंद उजेडातले मेज, बुरख्यातली ज्योतिषीण आणि खेळणाऱ्याचे भविष्य उलगडणारी तीन पाने. मुदत इतकी अपुरी असताना तयार प्रतिमा उचलली जावी यात नवल नाही. परंतु ज्या समजुतींवर हा साचा उभा आहे त्यांपैकी बऱ्याचशा अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या आहेत, आणि त्यांच्या आड या संचातली सर्वांत उपयोगी गोष्ट, म्हणजे त्यात आधीपासून असलेला खेळ, झाकली जाते.

टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान असून ते चित्ररूपाने पत्त्यांत जपले गेले, ही यातली सर्वांत चिवट समजूत आहे. तिचा उगम नेमका दाखवता येतो. आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये आपल्या ‘ल माँद प्रिमितिफ’ या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात हा दावा मांडला. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्याँने उलगडली ती १८२२ मध्ये, म्हणजे दावा करणाऱ्याला त्या संस्कृतीतला एकही लेख वाचता येणे शक्य नव्हते. पुढे एतैला या टोपणनावाने लिहिणाऱ्या जाँ-बाप्तिस्त आलिएतने १७८५ च्या सुमारास टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली आणि पत्ते जुगाऱ्यांच्या मेजावरून ज्योतिषांच्या मेजावर आले.

प्रत्यक्षात टॅरोचा जन्म पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत झाला. १४४० मधली फ्लॉरेन्सची नोंद आणि १४४२ मधले फेराराच्या दरबाराचे हिशेब यांत हे पत्ते ‘त्रिऑन्फी’ या नावाने येतात, आणि ते खेळण्याचे साधन म्हणूनच येतात. मिलानच्या व्हिस्कॉन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी शतकाच्या मध्याला रंगवलेल्या एका संचाची ७४ पाने आजही टिकून आहेत; ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कर्रारा अकादमी आणि एक खासगी संग्रह यांत विभागलेली आहेत. इजिप्तचा संबंध अगदीच नाही असे मात्र म्हणता येत नाही. साधे खेळण्याचे पत्ते १३७० च्या दशकात युरोपात पोहोचले ते इजिप्तच्या मामलुक राजवटीतून, आणि त्यांवरचे चषक, नाणी, तलवारी व पोलोच्या काठ्या हे चार रंग इटलीने जवळपास तसेच स्वीकारले. पोलो ठाऊक नसल्यामुळे काठ्यांचे सोटे झाले, एवढेच. म्हणजे इजिप्तकडून जे आले ते फारोंचे गूढ नसून सुलतानांच्या करमणुकीचे साहित्य होते.

खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहे ते टॅरोच्या ७८ पानांचे काम. त्यांतली ५६ पाने चार रंगांची असतात. प्रत्येक रंगात एक ते दहा अंक आणि राजा, राणी, स्वार व सेवक ही चार चित्रे येतात. उरलेल्या २२ पानांना भविष्यवेत्ते ‘महारहस्य’ मानतात, परंतु खेळात ती निव्वळ हुकुमाची पाने आहेत. मेंढीकोटसारखा डाव खेळलेल्या मराठी वाचकाला हुकूम नवा नाही. फरक इतकाच, की तेथे चार रंगांपैकीच एखादा हुकूम ठरतो, तर टॅरोत १ ते २१ क्रमांकांचा कायमचा हुकूम हा वेगळा पाचवा रंग असतो, आणि बाविसावे पान, म्हणजे ‘मूर्ख’, या उतरंडीच्या बाहेर राहते. फ्रान्समध्ये आजही लोकप्रिय असलेल्या टॅरो खेळात हातात उतारीचा रंग नसेल तर हुकूम टाकावाच लागतो आणि जमत असेल तर आधी पडलेल्या हुकुमापेक्षा वरचा टाकावा लागतो. ‘मूर्ख’ मात्र केव्हाही टाकता येतो, तो सहसा हात जिंकत नाही आणि टाकणाऱ्याकडेच परत राहतो. संपूर्ण डावाचे ९१ गुण असतात, आणि १, २१ व मूर्ख या तीन मानाच्या पानांपैकी किती मिळाली यावर बोली घेणाऱ्याचे लक्ष्य बदलते: तिन्ही असतील तर ३६ गुण पुरतात, एकही नसेल तर ५६ लागतात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० च्या ‘द गेम ऑफ टॅरो’ या ग्रंथात या खेळाचा इतिहास इतक्या बारकाईने मांडला, की टॅरोला खेळ मानायचे की नाही हा वाद अभ्यासकांपुरता तरी मिटला आहे.

या जुन्या नियमांत जॅमला पुरेल असा ऐवज पडून आहे. उलटे पडलेले पान वेगळा अर्थ देते ही कल्पना ज्योतिषाची म्हणून सर्वांना माहीत असते, परंतु उलटा क्रम ही खेळातलीही जुनी युक्ती आहे: जुन्या टॅरो खेळांत चषक आणि नाणी या रंगांमध्ये लहान अंक मोठ्यावर मात करतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, ज्याच्या १२० गोल पानांत दहा अवतारांचे दहा रंग असतात, तेथेही निम्म्या रंगांत अंकांचा क्रम असाच उलटा चालतो. खेळाच्या मध्यावर हा क्रम फिरवणारे एखादे पान ठेवले तर एका ओळीच्या नियमातून डावाचा रोख पालटतो, आणि त्यासाठी नवे चित्रही काढावे लागत नाही.

‘मूर्ख’ हा पत्त्यांतल्या जोकरचा पूर्वज आहे ही समजूत मोहक असली तरी निराधार आहे. जोकर १८६० च्या दशकात अमेरिकेत, यूकर या खेळातला सर्वांत वरचा हुकूम म्हणून वाढवला गेला, आणि त्याचे विदूषकी रूप नंतरचे आहे.

तेराव्या क्रमांकाचे ‘मृत्यू’ हे पान आले की खेळाडू हरला, असा नियम जॅममधल्या खेळांत वारंवार दिसतो. परंतु भविष्यकथनाच्या परंपरेतही या पानाचा अर्थ बहुधा एका अवस्थेचा शेवट आणि दुसरीचा आरंभ असाच लावला जातो. शिवाय नियम म्हणूनही तो दुबळा आहे, कारण खेळाडूला कोणताही निर्णय न घेऊ देता तो डाव संपवतो. २०२४ मध्ये आलेल्या आणि एकाच व्यक्तीने टोपणनावाने रचलेल्या ‘बालात्रो’ या संगणक खेळात याच पानाचा केलेला उपयोग अधिक चतुर आहे: तेथे ‘मृत्यू’ वापरला की निवडलेल्या दोन पत्त्यांपैकी डावीकडचा पत्ता उजवीकडच्यासारखा होतो. ‘टांगलेला मनुष्य’ दोनपर्यंत पत्ते कायमचे नष्ट करतो, आणि ‘सामर्थ्य’ दोनपर्यंत पत्त्यांचा दर्जा एकेका पायरीने वाढवते. चित्राचा आशय येथे वर्णनात न राहता क्रियेत उतरतो. पान वाचून खेळाडूच्या मनात जी अपेक्षा तयार होते तीच नियमाने पुरी केली जाते, त्यामुळे नियम समजावण्याचे निम्मे काम आपोआप होते.

टॅरोची चित्रे पाचशे वर्षांपूर्वीची असल्याने ती कोणीही वापरावीत, हा समज अर्धवट खरा आहे. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असलेली चित्रे पंधराव्या शतकातली नसून १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या संचातली आहेत, ए. ई. वेट यांच्या योजनेनुसार ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रेखाटली. आधीच्या बहुतेक संचांत अंकांच्या पानांवर केवळ तितकी चिन्हे असत. स्मिथ यांनी तेथेही माणसांचे प्रसंग चितारले, आणि आजची टॅरोची दृश्यभाषा मुख्यतः त्यांची आहे, जरी संचाला नाव मात्र प्रकाशक आणि लेखक यांचे चिकटले. त्यांचे निधन १९५१ मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणून येथे तो २०११ अखेर संपला, आणि ७० वर्षांची मुदत असलेल्या ब्रिटनमध्ये २०२१ अखेर. १९०९ ची मूळ चित्रे त्यामुळे मोकळी आहेत. परंतु नंतर पुन्हा रंगवून काढलेल्या आवृत्त्यांवर आणि संचाच्या नावावर प्रकाशक वेगळे हक्क सांगतात, तेव्हा चित्र कोणत्या छपाईवरून घेतले हे तपासणे आवश्यक ठरते. खेळाची युक्ती मात्र स्वामित्वहक्काच्या कक्षेत येत नाही. तिचे शब्दांतले आणि चित्रांतले रूप तेवढे येते.

जितकी पाने अधिक तितका खेळ समृद्ध, या समजुतीने जॅममधले बरेच प्रकल्प बुडतात. पानाची खरी किंमत त्याच्या चित्रात नसून इतर पानांशी येणाऱ्या त्याच्या संबंधात असते. वेगवेगळे परिणाम घडवणारी ७८ पाने घेतली तर दोन-दोन पानांच्या ३,००३ जोड्या पडतात, २२ घेतली तर २३१, आणि ८ घेतली तर केवळ २८. यांतली प्रत्येक जोडी एकदा तरी खेळून पाहावी लागते, अन्यथा ‘मृत्यू’ आणि ‘सूर्य’ एकत्र आल्यावर गुण अमर्याद वाढत गेल्याचे सादरीकरणाच्या वेळीच कळते. याउलट आठच पानांतून तीन उचलून ती भूत, वर्तमान आणि भविष्य अशा जागांवर मांडायची, आणि प्रत्येक पानाने आपल्या उजवीकडच्या पानावर परिणाम करायचा असे ठरवले, तर मांडण्या ३३६ होतात. पान सुलटे की उलटे हेही मोजले तर २,६८८. क्रम महत्त्वाचा असल्याने तपासायच्या जोड्या ५६ होतील, तरीही हे काम दोघांच्या चमूला एका दुपारीत आटोपते. खेळाडूला पाच पाने देऊन त्यांतली कोणती तीन कोठे ठेवायची हे त्याच्यावर सोपवले, तर सर्व काही दैवावर असते हा टॅरो-खेळांवरचा आक्षेपही उरत नाही: पाने दैवाने येतात, मांडणी खेळाडूची असते.

पत्ते पिसण्याविषयीचा गैरसमज संगणकावर विशेष महागात पडतो. प्रत्येक पानाची अदलाबदल संचातल्या कोणत्याही पानाशी केली की संच नीट पिसला जातो, असे सकृद्दर्शनी वाटते. तीन पानांवर हे करून पाहावे: तीन पायऱ्यांत प्रत्येकी तीन शक्यता, म्हणजे सारख्या संभवाचे २७ मार्ग होतात, परंतु तीन पानांचे क्रम सहाच असतात आणि २७ ला ६ ने भाग जात नाही, परिणामी तीन क्रम २७ पैकी पाच वेळा आणि उरलेले तीन चार वेळा येतात. फिशर आणि येट्स यांच्या १९३८ च्या पद्धतीवरून आलेली रीत निर्दोष आहे: शेवटच्या पानापासून मागे येत, प्रत्येक पान फक्त अजून न ठरलेल्या पानांपैकी एकाशी, स्वतःसह, बदलायचे, म्हणजे मार्ग ३ गुणिले २ गुणिले १, अर्थात सहाच राहतात.

जॅममधला खेळ म्हणजे मुदत संपताच विसरायचा कच्चा मसुदा, असेही मानले जाते. डॅनियल मलिन्स यांनी डिसेंबर २०१८ च्या लुडम डेअरमध्ये ‘बलिदान द्यावेच लागेल’ अशा आशयाच्या विषयावर एक लहानसा पत्त्यांचा खेळ केला. एक पान मांडण्यासाठी दुसरे बळी द्यायचे ही त्याची मुख्य युक्ती होती, आणि तिच्यावरच २०२१ मधला ‘इनस्क्रिप्शन’ हा मोठा खेळ उभा राहिला. जॅमसाठी संगणक हवाच असेही नाही, कारण ग्लोबल गेम जॅममध्ये मेजावरचे खेळही स्वीकारले जातात. कागदावर टॅरो करताना मात्र दोन बारीक बाबी सांभाळाव्या लागतात. पानांची पाठ वरून आणि खालून सारखीच दिसली पाहिजे, नाहीतर कोणते पान उलटे आहे हे उचलण्यापूर्वीच कळते. शिवाय हाताने पिसताना पाने आपापल्या दिशेतच राहतात, म्हणून प्रत्येक डावाआधी संचाचा काही भाग वेगळा काढून, फिरवून, मग उरलेल्यात मिसळावा, हा नियम नियमपत्रिकेत पहिल्याच ओळीत लिहावा लागतो.