सरतें वर्ष आणि घरची मैफल



आपलें मराठी वर्ष फाल्गुनांत संपतें, हें मी विसरलों नाहीं. परंतु कचेरीची रजा आणि भिंतीवरचें कॅलेंडर या दोघांनीं मिळून डिसेंबरच्या अखेरीसहि आपल्या घरांत एक वर्षअखेर आणून बसविली आहे. आणि खरें सांगावयाचें तर ती मोठ्या सोयीच्या जागीं बसली आहे. थंडी पडलेली असते, बाजारांत पेरू, बोरें आणि ओला हरभरा आलेला असतो, हुरड्याचे बेत चाललेले असतात. दिवाळीचे पाहुणे गेलेले आणि संक्रांतीचे तीळ अजून निवडावयाचे. अशा या मधल्या आठ दिवसांत घरांतील माणसांनीं एकत्र बसून काय ऐकावें आणि काय वाचावें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

डिसेंबर उजाडला कीं पुण्याच्या रसिकांस सवाई गंधर्व महोत्सवाचे वेध लागतात. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ सालीं निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें हा उत्सव सुरू झाला. कित्येक वर्षें तेथें रात्ररात्र गाणें चाले; श्रोते शाली पांघरून बसत आणि सकाळच्या रागांनीं उत्सवाची सांगता होई. पुढें इ. स. २००० मध्यें ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षांतील मोजक्या दिवशीं काय ती मध्यरात्रीपर्यंतची सवलत. नियम योग्यच आहे. आजाऱ्याला झोप हवी असते आणि विद्यार्थ्याला शांतता. तथापि या व्यवस्थेंत कांहीं राग निराधार झाले. दरबारी आणि मालकंस हे रात्र चढल्यावरचे, ललत हा पहाटेचा. व्यासपीठावर त्यांना त्यांची वेळ आतां क्वचितच मिळते. ती देणें घराला मात्र सहज शक्य आहे, कारण घरांत चार माणसांसाठीं ध्वनिक्षेपक लागत नाहीं.

रागाला वेळ हवीच कशाला, असें तरुण श्रोते विचारतात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं या विषयाची जी मांडणी केली, तिचा एक भाग कोणासहि स्वतःच्या कानांनीं पडताळून पाहतां येईल. सूर्य उगवतांना आणि मावळतांना गावयाचे जे राग, त्यांना संधिप्रकाश राग म्हणतात. भैरव, पूर्वी, मारवा हे त्यांतले. यांत ऋषभ कोमल असतो आणि गांधार शुद्ध. षड्जाला अगदीं खेटून उभा असलेला ऋषभ आणि त्यापुढें एकदम दूर गेलेला गांधार, या दोहोंमधल्या रिकाम्या जागेंतून एक हुरहूर उत्पन्न होते. दिवे लागले, काळोख पडला कीं यमनांत तोच ऋषभ शुद्ध होऊन येतो आणि मन मोकळें होतें. आधीं मारवा आणि तासाभरानें यमन असें ऐकून पाहावें. मग पुस्तकी व्याख्या पाठ करण्याचें कारण उरत नाहीं.

आणि या कामीं पंचांग आपल्याला अनुकूल आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यास सूर्य सातच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ललत ऐकण्यासाठीं चारला उठण्याची तपश्चर्या नको. साडेसहाला पहिल्या चहाबरोबर तो ऐकतां येतो.

यासाठीं जुन्या ध्वनिमुद्रिका फार उपयोगी पडतात. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें सहसा मावत नसे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिनें गाऊन अखेरीस इंग्रजींत आपलें नांव पुकारलें, त्या काळापासून गायकांना हें कोडें सोडवावें लागलें. तासाभराचा विस्तार बाजूस ठेवून रागाचा चेहरा थोडक्या स्वरांत उभा करावयाचा! अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांची झिंजोटीची ठुमरी हा त्याचा नमुना आहे. लहानग्या भीमसेनला गाण्याचें वेड लागून त्यानें घर सोडलें, तें ही ध्वनिमुद्रिका ऐकून. गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर आकाशांत गेली आणि ग्रहांना मागें टाकून अद्याप पुढें चालली आहे. आपल्या दिवाणखान्यापर्यंत ती किती वेळां पोंचते, हा प्रश्न वेगळा.

आज हीं गाणीं मोबाईलवर विनासायास मिळतात. चावी द्यावी लागत नाहीं, सुई बदलावी लागत नाहीं. पण मुलगा कानांत यंत्र घालून एका खोलींत, सून दुसऱ्या खोलींत, नात तिसऱ्या. सर्वांचें ऐकणें चाललेलें आणि घर मात्र मुकें, असा देखावा आपण रोज पाहतों. ग्रामोफोनच्या कर्ण्याचा आवाज चिरका असेल, परंतु त्याचें गाणें साऱ्या घराचें असे. "ती जागा पुन्हां ऐकूं या" असें म्हणावयास शेजारीं दुसरें माणूस लागतें. म्हणून माझी सूचना अशी, कीं एक संध्याकाळ ठरवावी, एकच तबकडी निवडावी आणि ती लागोपाठ तीनदां लावावी. पहिल्या वेळीं शब्द कळतात, दुसऱ्या वेळीं साथीचीं वाद्यें ऐकूं येतात, आणि तिसऱ्या वेळीं सम कोठें येणार हें आधींच उमजून मान आपोआप हलते.

वाचनाचेंहि असेंच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. त्या प्रथेचे वंशज आज आपल्या टेबलावर ढिगानें पडलेले असतात, आणि डिसेंबर आला तरी निम्मे कोरे. ते सगळे वाचलेच पाहिजेत हा आग्रह सोडावा. त्यांतली एखादी चांगली कथा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' मोठ्यानें वाचावयास घ्यावें. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र बोलल्यासारखें लिहिलेलें आहे. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंची भाषा जिभेवर येतांच जिवंत होते. वडिलांच्या सोवळ्याचें वेड सांगणारीं पानें वाचतांना तर वाचणाराला हसूं आवरत नाहीं. मोतीबिंदूमुळें ज्यांचें वाचन सुटलें आहे अशीं वडील माणसें पुष्कळ घरांत आहेत. आयुष्यभर वाचलेल्या माणसाचें पुस्तक हातून जाणें ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्यापुढें रोज रात्रीं जेवणानंतर दहा पानें वाचलीं, तर आठ दिवसांत ऐंशी होतात. नातवाचा उच्चार अडखळला तर आजी तो सुधारतील, मध्येंच स्वतःची एखादी आठवण सांगतील. वाचन थांबूं द्यावें. शेंगांचीं टरफलें पुस्तकांत पडणार नाहींत, एवढें मात्र पाहावें.

एकतीस तारखेच्या रात्रीं बारा वाजतां फटाके वाजतील. ते शांत झाले, आणि घरांतील कोणी जागें असलें, तर मालकंसाची हीच वेळ आहे. दुसऱ्या दिवशीं सूर्योदय पुन्हां सातच्या पुढेंच; साडेसहाला आधण ठेवावें आणि ललत लावावा.